चित्रापुरतं दार

क्लासमध्ये माझं नाव 'दार' पडलं होतं. खरं नाव हजेरीपुरतं, सरांच्या तोंडी. बाकी सगळ्यांसाठी मी 'दार'. नगरला आमचा कॉम्प्युटर क्लास एका मेडिकल दुकानाच्या वर होता. चपला बाहेर काढायच्या, आत एसीची खोली, खिडक्यांना जाड पडदे, आणि मशीनला धूळ चालत नाही म्हणून दार कायम लावलेलं. मी आत गेले की ते दार माझ्यामागे तसंच उघडं राहायचं. गार हवा बाहेर आणि रस्त्यावरची धूळ आत. मग सगळ्या मशीनांवरून एकदम ओरडा व्हायचा, "दाऽऽर!" मी परत जाऊन ते ओढून घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मुद्दाम नव्हते करत. मी शनिशिंगणापूरची. आमच्या घराला चौकट आहे, उंबरा आहे, उंबऱ्यावर रोजचं हळदकुंकू आहे, फक्त दार नाही. तेव्हा गावात कुणाच्याच घराला नव्हतं. राखण देवाची, मग आपण कशाला कडीकुलूप करायचं, असा साधा हिशेब. रात्री कुत्रं शिरू नये म्हणून चौकटीला एक फळी टेकवायची, की झालं. खोलीत शिरल्यावर मागे हात करून काहीतरी ओढायचं असतं, ही सवय ज्या वयात लागते त्या वयात माझ्या हाताला ओढायला काही नव्हतंच. शहरातल्या पोरांना ते पटायचं नाही. एकानं विचारलं, "मग चोर येत नाहीत का गं?" म्हटलं, "येतात की, तुझ्यासारखेच. दर्शन घेऊन परत जातात." तो त्या दिवसापासून माझ्या वाटेला गेला नाही. माझी जीभ तेव्हाही तिखट होती, आता तर विचारूच नका.

नव्वदचं दशक संपायला आलं होतं. कॉम्प्युटर शिकतो म्हटलं की लोक वळून बघायचे. आमचा कोर्स चित्रांचा होता. फोटो स्कॅन करायचा, मशीनवर त्यात फेरफार करायचे, छोटी हलती चित्रं बनवायची. लग्नाच्या कॅसेटांना नावं टाकणारे, जाहिरातींचे बोर्ड रंगवणारे, फोटो स्टुडिओवाले, अशांची पोरं त्या क्लासला. शेतकऱ्याची मुलगी मी एकटीच. मी तिथं पोचले ते बारावीनंतर आप्पांच्या मागे हात धुऊन लागले म्हणून. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांनी शेवटी हात टेकले आणि म्हणाले, "एक वरीस देतो. हाताला काम लागलं तर ठीक. न्हाईतर आत्याच्या गावचं स्थळ हायच, मग नाक मुरडायचं न्हाई."

ते वर्ष सरत आलं तेव्हा सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की पुढच्या बॅचला शिकवायला त्यांना एक माणूस हवा आहे. बाहेरून येणारे परीक्षक ज्याच्या प्रोजेक्टला सगळ्यांत जास्त मार्क देतील, ती जागा त्याची. खोलीतल्या सगळ्या नजरा फोटो स्टुडिओवाल्यांच्या मुलाकडे गेल्या. त्याचा हात चांगलाच होता, ते मान्य करते. पण माझ्याकडे कुणीच बघितलं नाही, आणि ते मला फार झोंबलं. त्या क्षणी मी ठरवलं, ही जागा माझी.

प्रोजेक्टचे दोन भाग होते. पहिल्या भागात एका फोटोत असा बदल करायचा की तो कळता कामा नये. मूळ फोटो आणि बदललेला फोटो, दोन्हींचे प्रिंट शेजारी शेजारी लावायचे. दुसरा भाग लूप. थोडी चित्रं एकामागून एक फिरत राहतात, शेवटचं संपलं की पुन्हा पहिलं येतं, आणि ती जोड डोळ्याला लागता कामा नये. पोरांची कामं ठरलेली. फोटोत स्वतःला ताजमहालासमोर उभं करायचं, नाहीतर भुईकोट किल्ल्यावर वाघ बसवायचा. लूपमध्ये तेवणारी पणती, फडकणारा झेंडा, फिरणारं चक्र. पणत्या तर इतक्या झाल्या की सर म्हणाले, आता कुणी पणती लावली तर फुंकर मारीन.

माझ्या डोक्यात दुसरंच आलं. वर्षभर जे नाव घेऊन मला चिडवलं तेच करून दाखवावं. आमच्या घराला दार लावायचं. खरं नाही, चित्रापुरतं.

हे आप्पांना विचारल्याशिवाय करण्यासारखं नव्हतं. रात्रीची जेवणं उरकल्यावर मी विषय काढला. आप्पा सुपारी कातरत होते, तो हात थांबला.

"आपल्या घराला दार?"

"घराला नाही आप्पा, फोटोला."

"फोटोत घर कुनाचं हाय?"

"आपलंच."

"मग? आजवर ह्या चौकटीला कुनी खिळा ठोकला न्हाई. तुज्या आज्यानं न्हाई, म्या न्हाई. तू ठोकनार का?"

मी खूप समजावलं. मशीनवरचं काही खरं नसतं, बटन दाबलं की पुसता येतं, वगैरे. आई मध्ये पडली, "आवं, नाटकात राजा मरतू म्हून कुनी सुतक पाळतं का?" आप्पा पुन्हा सुपारी कातरायला लागले. सकाळी मी बसला निघाले तेव्हा ओट्यावरून म्हणाले, "लाव. पन बंद राहायला नगं. दार लावलंस तर ते उगडलं बी पायजे, आन शेवटाला आपलं घर हाय तसं दिसलं पायजे." 

त्यांना ठाऊक नव्हतं, पण माझा लूप त्यांनी तिथंच बनवून दिला होता. आधी मोकळी चौकट, मग दार, ते हळूहळू मिटणार, पुन्हा उघडणार, विरून जाणार, आणि परत मोकळी चौकट. पहिलं चित्र आणि शेवटचं चित्र एकच. बसमध्ये खिडकीशी बसून मी एकटीच हसत होते.

घराचा फोटो काढायला गावातलाच एक फोटोग्राफर आला. दर्शनाला आलेल्यांचे फोटो काढायचा त्याचा धंदा. त्याच्या रोलमधला शेवटचा फोटो उरला होता, तो त्यानं आमच्या घरावर खर्च केला. आईनं सडा घातला, रांगोळी काढली. आप्पांनी ओट्यावरची पोती हलवली, कालवड बाजूला बांधली. घराचा एकट्याचा फोटो काढायची वेळ आमच्याकडे पहिल्यांदाच आली होती. आता दार हवं होतं. ते मिळालं तिसगावला, मामाच्या घरी. मामाच्या लग्नानंतर नव्या घराच्या दारात काढलेला फोटो त्यांच्या भिंतीवर होता. हिरवं, जाड फळ्यांचं दार, पितळी कडी, वर कुंकवाचं स्वस्तिक. अडचण एवढीच, की दाराच्या पुढे मामा-मामी उभे होते.

मामा म्हणाला, "आमाला काढनार व्हय त्यातनं? काढ काढ, तसं बी तुजी मामी डोळं मिटूनच उभी हाय." मामीनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला लगेच रानात जाण्याचं काम आठवलं. फोटो भिंतीवर परत हवा होता, म्हणून मी तो नेऊन स्कॅन केला आणि लगोलग परत आणून दिला.

मग खरं काम सुरू झालं. माणूस फोटोतून पुसता येतो, पण त्याच्या मागे जे झाकलेलं असतं ते कुठूनतरी आणावं लागतं. मामाच्या टोपीमागे कडीचा कोपरा होता, मामीच्या शालूमागे फळ्यांचा अर्धा भाग. शेजारची फळी घ्यायची, तिचा तुकडा इकडे चिकटवायचा, कडा मऊ करायच्या, रंग जुळवायचा. त्या काळच्या आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एकच पाऊल मागे येता यायचं. दोन चुका सलग केल्या तर पहिली जन्माची. मशीन असं संथ, की एक आज्ञा दिली की मी पडद्याच्या फटीतून रस्ता बघून यायचे. मध्येच वीज गेली तर जे साठवलं नाही ते गेलं. एकदा मामा पूर्ण पुसून झाला आणि वीज गेली. परत आली तेव्हा मामा पुन्हा दारात उभा, जसाच्या तसा.

दार सुटं झालं तरी बसेना. तिसगावच्या फोटोत ऊन डावीकडून होतं, आमच्या घरावर उजवीकडून. दार आरशातल्यासारखं उलटं केलं. ऊन जुळलं, पण स्वस्तिक उलटं झालं. मशीनला त्यात काही वावगं दिसत नव्हतं, मला मात्र ते बघवेना. आईनं हे पाहिलं असतं तर मला जेवायला वाढलं नसतं. ते पुसलं आणि माऊस हातात धरून नवीन, सुलटं काढलं. माऊसनं सरळ रेघ काढून बघा एकदा, म्हणजे कळेल.

लूपचं तर हसू झालं. मी दार मिटताना दाखवलं ते पडदा सरकल्यासारखं दिसत होतं. माझी मैत्रीण शेजारच्या मशीनवर बसायची. ती म्हणाली, "दाराला जाडी असते गं. ते उघडताना त्याची कड दिसते. आणि बिजागरीकडची बाजू जागची हलत नाही." दारं बघितली होती, पण ती अशी कधी निरखलीच नव्हती. ती मला तिच्या घरी घेऊन गेली, स्टेशनच्या बाजूला. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर, त्याखाली ताजी फुलं, आणि त्या खोलीचं दार मी संध्याकाळभर उघडत होते आणि लावत होते. प्रत्येक वेळी थोडं थांबायचं, कागदावर उतरवायचं. तिची आई नर्स होती, ड्यूटीवरून दमून आलेली. तिनं थोडा वेळ बघितलं आणि लेकीला विचारलं, "हिला बाहेर जायचंय का आत यायचंय?" कारण कळल्यावर मात्र ती स्वतः दार धरून उभी राहिली, मी सांगेन तेवढं उघडत. चहा तिथंच, उंबऱ्यात घेतला आम्ही.

शेवटी जमलं. आमचं घर, आमचा ओटा, आईची रांगोळी, आणि चौकटीत हिरवं दार. असं बसलं होतं की बघताना माझंच मन जरा दचकायचं. लूपमध्ये दार यायचं, मिटायचं, उघडायचं, विरायचं, आणि जोड सापडायची नाही. सर मागे उभे राहून पुष्कळ वेळ बघत होते. मग स्टुडिओवाल्या मुलाला बोलावून त्यांनी ते दाखवलं. तो म्हणाला, "च्यायला!" मला त्या एका शब्दानं जे वाटलं ते वर्षभरात कशानं वाटलं नव्हतं.

परीक्षेआधी सगळ्या मशीन रिकाम्या करायच्या होत्या. काम फ्लॉपीत घ्यायचं. मी चित्राचे थर वेगवेगळे ठेवले होते, घराचा एक, दाराचा एक, सावलीचा एक. ती फाइल फ्लॉपीत मावेना. मी सगळे थर एकत्र दाबून एकच चित्र केलं, तेव्हा कुठे मावलं. मूळ स्कॅन, थरांची फाइल, सगळं मशीनवरून पुसलं. आणि प्रिंट हातात आल्यावर मला ते दिसलं. दाराच्या अगदी खाली, उंबऱ्यापाशी, नखाएवढी एक पिवळी-तांबडी कड. मामीच्या शालूचा काठ. पुसायचा राहिला होता. पुन्हा प्रिंट काढायला वेळ नव्हता. मी स्वतःला दोन शिव्या दिल्या आणि देवाला म्हटलं, परीक्षकांना एवढं दाखवू नको.

परीक्षक पुण्याहून आले. उंच, चष्मा, कमी बोलणारे. परीक्षेचा नियम असा की मुलांनी त्यांना नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही, फक्त नंबर. वशिला नको म्हणून. सर मागे हात बांधून उभे, त्यांनीही बोलायचं नाही. माझा नंबर येईपर्यंत त्या बिचाऱ्यांनी इतके ताजमहाल आणि इतक्या पणत्या बघितल्या होत्या की ते जांभई लपवत होते.

माझे दोन्ही प्रिंट त्यांनी हातात घेतले आणि सरळ होऊन बसले. आधी दाराचा बघितला, मग बिनदाराचा. "वा. दार फार सफाईनं काढलंयस."

मी म्हटलं, "सर, काढलं नाही. लावलंय."

"म्हणजे?"

"मूळ फोटोत दार नाही. ते मी बसवलं."

ते हसले. "अगं, घराला दार असतंच. हा मूळ फोटो," म्हणून त्यांनी दाराचा प्रिंट वर धरला, "आणि हा तुझा. आता हा तुझा जरा बघू. चौकट आहे, उंबरा आहे, रांगोळी आहे आणि दार नाही. असं घर कोण बांधेल? शिवाय आतला हा अंधार खोटा वाटतो. एकसारखा काळा भरून टाकलायस. खरा अंधार असा नसतो."

माझं डोकं सणकलं. "तो अंधार आमच्या माजघरातला आहे, सर. खराच आहे."

मागे सर खोकले. मी जीभ चावली. गावाचं नाव ओठांवर आलं होतं. ते एक नाव घेतलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं, पण मग माझा पेपरच रद्द झाला असता.

परीक्षक रागावले नाहीत. म्हणाले, "थरांची फाइल दाखव, लगेच कळेल." मी फ्लॉपीचं सांगितलं; फोटोग्राफरनं दिलेला फोटोही घरीच होता. त्यांनी लूप बघितला, दोनदा बघितला. "सुंदर आहे. पण दार असलेल्या घराचं दार उघडतानाचे फोटो कुणीही काढेल." मग त्यांनी पेन काढलं आणि आवाज खाली आणला. "हे बघ, घाबरलं की माणूस उलटसुलट बोलतो. काम उत्तम आहे. दार काढलं, असं लिहितो. पूर्ण मार्क देतो. ठीक?"

नुसती मान हलवायची होती. जागा माझी होती, वर्ष वाया गेलं नव्हतं, आत्याचं गाव लांब राहिलं होतं. पण दार काढलं म्हणायचं म्हणजे मुळात ते होतं म्हणायचं. आमच्या घराला दार होतं, असं परीक्षेच्या कागदावर माझ्या होकारानं लिहिलं गेलं असतं. आज्याच्या घराला, आप्पांच्या घराला. ते मला जमणारच नव्हतं, पुण्याच्या माणसासमोर तर नाहीच. आणि दुसरं म्हणजे, दार लावणं मला आलं होतं. मी मामाला पुसलं होतं, फळ्या भरल्या होत्या, ऊन फिरवलं होतं. त्याच्यावर पाणी सोडून मी सोपं काम आपलं म्हणून घेणार नव्हते.

"नाही सर," मी म्हटलं. "लावलंय. आणि दाखवते."

मी चित्र मशीनवर उघडलं आणि दाराचा खालचा कोपरा मोठा केला. अजून मोठा. पडद्यावर नुसते चौकोन राहिले, हिरव्यात हिरवे, आणि त्यांच्यामध्ये काही पिवळे, काही तांबडे. जी गोष्ट त्यांना दिसू नये म्हणून देवाला साकडं घातलं होतं ती मीच बोटानं दाखवत होते. मला इतकी लाज वाटत होती की कान तापले.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"माझ्या मामीच्या शालूचा काठ. पुसायचा राहिला. हे दार मामाच्या घरचं आहे, ते दोघं दारात उभे होते. मी त्यांना काढलं, मागच्या फळ्या भरल्या, दार उलटं केलं आणि इथे लावलं. दार या घराचं असतं तर त्यात शालू कशाला असता?"

त्यांनी माझ्या हातातून माऊस घेतला. चित्र हळूहळू वर सरकवत, जिथं मामी उभी होती तिथून, मग मामा होता तिथून, फळीफळीनं बघत गेले. एका ठिकाणी थांबले. "लाकडाची ही गाठ दोनदा आलीये. इथे, आणि ही बघ, इथे. तीच गाठ."

मी वाकून बघितलं. खरंच. महिनाभर त्या दारावर डोळे फोडून मला दिसली नव्हती ती गाठ त्यांनी शोधली. ते माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचा चेहराच वेगळा झाला होता, दिवसभराची जांभई कुठल्या कुठे. "म्हणजे इथे माणूस होता. माणसाच्या जागी तू लाकूड भरलंस." मग स्वतःशीच हसत म्हणाले, "आणि मी लाकूड खरं समजलो, अंधार खोटा! दोन चुका आहेत. दोन मार्क कापणार."

"कापा सर," मी म्हटलं. इतक्या आनंदानं मार्क घालवलेली मुलगी त्यांनी बहुधा पाहिली नसावी.

मार्क लिहून, सही करून झाल्यावर त्यांनी सरांना विचारलं, "आता सांगायला हरकत नाही ना? असं घर आहे तरी कुठे?" सरांनी गाव सांगितलं. परीक्षकांनी कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी शनिवार, आणि नगरला आलेला कुठलाही पाहुणा जातो तसे तेही दर्शनाला तिकडेच निघायचे होते. गावाबद्दल ऐकून होते, पण परीक्षेच्या टेबलावर ते काही केल्या आठवलं नव्हतं.

शनिवारी दुपारी गर्दीतून वाट काढत सर त्यांना आमच्याकडे घेऊन आले. आप्पांना वाटलं, पोरीनं काहीतरी घोळ घातला. घाईघाईनं टोपी घालून पुढे झाले. परीक्षकांनी चपला काढल्या, ओट्यावर आले, चौकटीपाशी उभे राहून चष्मा सावरत आतल्या अंधारात डोकावून बघितलं. बराच वेळ. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खरा आहे." आप्पांना काही कळेना. त्यांनी आईला हळूच विचारलं, "काय हरवलंय का त्यांचं?"

चहा घेताना सरांनीच सांगितलं. "सगळ्यांत जास्त मार्क तुमच्या मुलीला. पहिल्या तारखेपासून ती आमच्याकडे शिकवणार." आप्पांनी बशी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं, आणि आईला हाक मारून म्हणाले, "च्या ठिव पुन्यांदा. साखर नीट घाल." पाहुणे गेल्यावर मात्र ते गोठ्याकडे गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. आई म्हणाली, राहू दे, जाऊ नको तिकडं.

शिकवणाऱ्यानं सकाळी क्लास उघडायचा, अशी तिथली पद्धत. पहिल्या दिवशी संध्याकाळी सरांनी माझ्या हातात किल्ल्यांचा जुडगा दिला. खालच्या शटरची, वरच्या जाळीची आणि मशीनच्या खोलीची. घरी येईपर्यंत मी तो पर्समध्ये मुठीत धरून बसले होते. घरी आल्यावर प्रश्न पडला, ठेवायचा कुठं. आमच्या घरात किल्ली ही वस्तूच कधी आली नव्हती. आई म्हणाली, तांदळाच्या डब्यात घाल, हरवायची. आप्पा ऐकत होते. ते उठले, अवजारांतून हातोडी आणि एक लांब खिळा घेऊन आले, आणि चौकटीच्या उभ्या लाकडात, बाहेरच्या अंगाला, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असा तो खिळा ठोकला. जुडगा त्यांनी स्वतः अडकवला.

दुसऱ्या दिवशी सरांनी सहज विचारलं, किल्ल्या नीट ठेवतेस ना? म्हटलं, हो, बाहेर, चौकटीला. ते किल्ल्यांचा विषय सोडून चहा सांगायला निघून गेले. एक किल्लीही कधी हरवली नाही.

आप्पांनी आपली खुर्ची मात्र हलवून चौकटीशेजारी घेतली. वाट चुकलेले भाविक मंदिर विचारायला थांबायचे आणि त्यांची नजर जुडग्यावर जायची. दार नसलेल्या घराला किल्ल्या कशाच्या, असं कुणी ना कुणी विचारायचंच, आणि आप्पा त्याचीच वाट बघत बसलेले असायचे.

"लेकीच्या हायत," ते सांगायचे. "नगरला क्लास हाय. ती गेल्याबिगर थितं कुनालाच आत जाता येत न्हाई."